एका दुकानाची छत्री

गेममधल्या माणसांच्या हातात, कमरेला, डोक्यावर जे काही असतं, ते कुणीतरी बसून घडवलेलं असतं. ती ते काम करायची. कंदील, पट्टे, टोप्या, पाण्याच्या पिशव्या. राक्षस आणि राजवाडे दुसऱ्यांकडे जायचे, तिच्या वाट्याला किडुकमिडुक. काम घरूनच. टेबल खिडकीला लावलेलं आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसभरात तिच्याशी बोलणारा माणूस एकच, तिचा टीमलीड. तोही हेडफोनमधून, आणि बहुतेक वेळा "जरा बारीक कर" नाहीतर "जरा जाड कर" एवढंच.

त्या वर्षी एका मोठ्या ऑनलाइन गेमचं काम आलं. जो ज्या दुकानातून गेम घेईल, त्याला त्या दुकानाची म्हणून एक खास वस्तू मिळणार होती, दुसरीकडे कुठेही न मिळणारी. एका दुकानाला पेटती तलवार, एकाला शिंगांचा लांडगा, एकाला सोनेरी चिलखत. शेवटी उरलं एक जुनं, घरघर लागलेलं दुकान. एके काळी त्याच्या गावोगावी शाखा होत्या, आता एकेक करून बंद पडत होत्या.

"त्यांना काय द्यायचं?" तिने विचारलं.

"काहीही चालेल म्हणाले. छत्री दे एखादी."

"तलवारींच्या गेममध्ये छत्री?"

"पाऊस तिथेही पडतो की. आणि हे बघ, उगाच जीव ओतत बसू नकोस. दोन दिवसांत मोकळी हो."

तिने जीव ओतलाच. कुठली छत्री करायची याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. बाबांची काळी छत्री, लाकडी मुठीची, एक काडी मोडलेली आणि तांब्याच्या तारेने बांधलेली. एकदा शाळेतून येताना त्या तारेत तिचे केस अडकले होते. बाबा भर रस्त्यात उभे राहून एकेक केस सोडवत होते, मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि बाबा अजिबात घाई करत नव्हते. बाबा गेले, छत्री कुठे गेली कुणालाच माहीत नाही. तिने ती तारेसकट घडवली. टीमलीडने एक नजर टाकली, "ठीक आहे, पुढे पाठवतो" म्हणाला, आणि विषय संपला.

गेम आला, गाजला. रविवारी ताईचा फोन आला. ताई तिची थोरली बहीण, लांब दुसऱ्या शहरात संसारात गुरफटलेली.

"मने, तू नक्की करतेस तरी काय गं? लोक विचारतात तर मी नुसतं कम्प्युटर म्हणून सांगते. एकदा दाखव ना काहीतरी."

"बाबांची छत्री केलीय."

"बाबांची? अगं मग पाठव ना फोटो!"

कामाच्या फायली बाहेर दाखवायची परवानगी नव्हती. मग तिने गेमच विकत घेतला. आजवर ज्या गेमसाठी तिने कामं केली, त्यातला एकही ती स्वतः खेळली नव्हती. पण छत्री काही मिळाली नाही. त्या दुकानाची तिच्या गावातली शाखा तर गेम येण्याआधीच बंद झाली होती. तिने टीमलीडला विचारून पाहिलं.

"करार आहे बाई. ज्यांनी त्या दुकानातून घेतला त्यांनाच."

"अहो, पण केलीय मीच ना!"

"म्हणून काय झालं? शिंप्याला गिऱ्हाइकाचा कोट मिळतो का?"

तो हसला. तीही हसली, कारण दुसरं काय करणार.

त्या दिवसापासून काम आटोपलं की ती गेममध्ये शिरायची आणि छत्री शोधायची. बाजारात, पुलांवर, किल्ल्याच्या दारात. पेटत्या तलवारी पैशाला पासरी होत्या. लांडगे तर पायात येत होते. छत्री मात्र कुणाच्याच हाती दिसेना. एकदा तिने बाजारात सगळ्यांना दिसेल असं लिहून विचारलं. उत्तरं फटाफट आली. "ते भंगार? ते घ्यायला त्या दुकानात जायचं कोण?" दुसऱ्याने लिहिलं, "ते दुकान अजून आहे?" मग सगळ्यांची हसणारी चित्रं. ती तिथून बाहेर पडली. चहा केला, तो गार होईपर्यंत नुसती बसून राहिली.

आणि मग एका संध्याकाळी, नदीकाठी जिथे नाव लागते त्या धक्क्यावर, तिला ती दिसली. एक साधा, कसलंही चिलखत न घातलेला माणूस छत्री उघडून उभा होता. डोक्यावर नाव लिहिलेलं, गल्लेवाला. नाव आली, माणसं चढली, नाव गेली. तो तिथेच.

तिने लिहिलं, "नमस्कार. तुमची छत्री..."

"तुम्ही दुकानातल्या का?" त्याने लगेच लिहिलं. "कुठल्या शाखेतून घ्यायचात?"

"नाही, मी दुकानातली नाही."

"अच्छा." मग, "काही हरकत नाही. उभ्या राहा हवं तर."

तो त्या दुकानाच्या शेवटच्या शाखेत गल्ल्यावर बसायचा. दुकान बंद होणार हे कळलं तेव्हा त्याने स्वतःच या गेमचा एक डबा घेतला. गेम खेळायचं वय नव्हतं माझं, म्हणाला, पण शेल्फवर तो एकच उरला होता, आणि तो तसाच ठेवून कुलूप लावणं जिवावर आलं. छत्री फक्त दुकानातल्या माणसांकडे असणार, म्हणजे छत्री दिसली की आपला माणूस, असा त्याचा हिशेब. शनिवारी येऊन तासभर नुसतं बोलत बसणारे कितीतरी जण होते. त्यातलं कुणीतरी कधीतरी नावेने येईल.

"आलं का कुणी?"

"अजून तरी नाही. तुम्हीच पहिल्या थांबलात."

मग तिने सांगितलं, छत्री मी केलीय. त्याने लिहिलं, "थट्टा करताय म्हाताऱ्याची." तेव्हा तिने त्याला वर बघायला सांगितलं. एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली.

पडद्यावर पाऊस पडत होता, आणि छत्रीला पाऊस अडवायचा असतो हे कुणी गेमला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे थेंब कापडातून सरळ त्याच्या खांद्यावर येत होते.

"ती तार होती," त्याने लिहिलं. "पहिल्याच दिवशी दिसली मला. मला वाटलं, खराब माल आलाय. आमच्या दुकानाला मोडकी छत्री दिली म्हणून राग आला हो. मी कंपनीला तक्रार केली. दोन-तीनदा केली. त्यांनी सगळ्या काड्या सारख्या करून दिल्या."

तिने कॅमेरा फिरवून छत्रीच्या आतून पाहिलं. काड्या सरळ, नव्या कोऱ्या. इतक्या लोकांमध्ये तिचं काम निरखून पाहणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानेच ते पुसून टाकायला लावलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच मोठ्याने हसली. खोलीत ते हसणं फार मोठं वाटलं, तेव्हा थांबली.

"माफ करा," तो लिहीत होता. "मला काय ठाऊक. माफ करा हं."

"असू दे. तुम्ही पाहिली तरी."

मग तिने त्याला ती शाळेची, केस अडकल्याची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "मग केस सुटले का?" ती म्हणाली, "सगळे. एकही तुटला नाही." तिने पडद्यावरच्या छत्रीचा फोटो काढून ताईला पाठवला. ताईने उत्तर दिलं, "छान. पण बाबांची वाटत नाही गं." मग खाली, "पोरीची परीक्षा आहे, नंतर बोलते."

ती रोज जाऊ लागली. दोघं धक्क्यावर उभी राहायची. तो गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. एक बाई मुलासाठी म्हणून गेम न्यायची आणि पहिल्यांदा स्वतः संपवायची. एक मास्तर विकत काही घ्यायचे नाहीत, पण मांडणी चुकली की नीट लावून जायचे. ती कामातलं सांगायची. काही दिवस दोघं गप्पच असायची, नाव येताजाताना पाहायची. एकमेकांचं खरं नाव कुणी विचारलं नाही. विचारू, घाई काय आहे, असं तिला वाटायचं.

हिवाळा लागता लागता ते दुकान कागदोपत्रीही बुडालं. करारच उरला नाही, तेव्हा गेमच्या कंपनीने जाहीर केलं, छत्री आता सगळ्यांना, फुकट. त्या संध्याकाळी ती आत शिरली तर तिच्याही हातात छत्री होती. बाजारभर छत्र्या. लोक त्या गोल फिरवत होते, उघडून कड्यांवरून उड्या मारत होते. तिचं कुठलंच काम इतक्या लोकांनी कधी हातात धरलं नव्हतं.

धक्क्यावर गर्दी होती. तो नेहमीच्या जागी.

"अभिनंदन," त्याने लिहिलं. "आता सगळे बघतील तुमचं काम. मनापासून बरं वाटलं हो."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"छे. फक्त एवढंच की आता दुकानातलं कुणी आलं तर मी ओळखणार कसा? आणि तो मला?"

तिला म्हणायचं होतं, मी ओळखते ना. तिने ते लिहिलंही. पण तेवढ्यात कुणीतरी त्या दोघांच्या मध्ये येऊन छत्री उघडमीट करत नाचायला लागला. ओळी भराभर वर सरकल्या. त्याने ते वाचलं की नाही, तिला कधी कळलं नाही.

त्यानंतर तो एकदोनदा आला, थोडा वेळ थांबला. मग यायचा बंद झाला. मित्रांच्या यादीत त्याचं नाव करडंच राहिलं. तिने निरोप ठेवले. आधी लांब लांब, मग नुसतं "कसे आहात?" उत्तर आलं नाही. शाखा कुठल्या गावात होती हे तिला माहीत नव्हतं. आडनाव माहीत नव्हतं. तब्येत बरी नसेल, दुसरं काम मिळालं असेल, की कंटाळला असेल, काहीच कळायला मार्ग नव्हता.

नाव करडं आहे म्हणजे माणूस आत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती धक्क्यावर जायची. साधे कपडे घालून एकटंच उभं असलेलं कुणी दिसलं की जवळ जायची. एकदा तसा एकजण भेटला.

"नमस्कार," तिने लिहिलं. "तुम्ही दुकानातले का?"

"कुठलं दुकान?"

ती लिहायला लागली. एक जुनं दुकान होतं, गावोगावी शाखा होत्या, शेवटच्या शाखेत गल्ल्यावर एक गृहस्थ बसायचे, आणि शनिवारी लोक तिथे नुसतं बोलायला यायचे. बरंच लिहिलं. पाठवून वर पाहिलं तेव्हा नाव सुटली होती, आणि तो माणूस नावेत पाठमोरा उभा होता.