अकरा मुद्रणदोष

विष्णुपंतांच्या वर्गात एक टेपरेकॉर्डर, एक कॅसेट, चार सेल, एक फळा, पाच खुर्च्या, सात विद्यार्थी आणि एक पुस्तक होतं. पुस्तकाची पानं दोनशे आठ, त्यांतली सहा गळालेली. चार सेलपैकी दोन नवे आणि दोन गच्चीवर उन्हात तापवून पुन्हा कामाला लावलेले. ही मोजणी मानसिंगनं पहिल्याच दिवशी केली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला प्रयोगाआधी साहित्याची यादी केल्याशिवाय चैन पडत नाही.

साल अठ्ठ्याहत्तर. मानसिंग तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं त्याला मातीतल्या पाण्यावर संशोधन करायला घ्यायचं कबूल केलं होतं, पण टोफेल नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत पाचशे गुण मिळवायची अट होती. परीक्षा पुण्यात, नऊ आठवड्यांनी. गुण कमी पडले तर जागा दुसऱ्याला देऊ, असंही पत्रात फार सभ्य शब्दांत लिहिलेलं होतं.

वाचनाची त्याला भीती नव्हती. भौतिकशास्त्राची जाडजूड पुस्तकं त्यानं इंग्रजीतच वाचली होती. घोडं अडलं होतं ते ऐकण्यापाशी. टेपवर अमेरिकन माणसं बोलणार, ते ऐकून चार उत्तरांतलं एक निवडायचं. आणि मानसिंगनं जन्मात अमेरिकन माणूस ऐकला नव्हता.

ऐकण्याची तयारी करून घेणारा वर्ग सांगलीत एकच. तो पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरायचा. खाली दळण सुरू झालं की वर अमेरिका बंद पडायची. सेल उतरले की टेपवरच्या बाईचा पुरुष व्हायचा आणि पुरुषाचा कुणीतरी आजारी पैलवान. विष्णुपंतांना दोन्हींचं काही वाटत नसे. बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मते ही टेप मुळातच गैरसोयीची होती.

"हे लोक शब्द खातात," ते म्हणायचे. "शेवटचा 'टी' कुणी उच्चारतच नाही. तुम्ही असं करा, पुस्तकातला संवाद मी वाचतो, तुम्ही मला ऐका."

मग विष्णुपंत जॉन व्हायचे, विष्णुपंतच मेरी व्हायचे, आणि दोघंही सांगली हायस्कूलच्या उच्चारांत खणखणीत बोलायचे. तीन आठवड्यांत सगळा वर्ग विष्णुपंतांना ऐकण्यात पटाईत झाला.

वर्गात औषधशास्त्र शिकलेली शरयू नावाची मुलगी होती. ती मानसिंगला म्हणाली, "मानसिंगराव, परीक्षेच्या दिवशी सर टेपमधून बोलणार असतील तर आपण सगळे पहिल्या वर्गात पास."

पण खरी भानगड पुस्तकाच्या शेवटी होती. तिथं उत्तरांची यादी होती आणि त्या यादीत विष्णुपंतांनी लाल शाईनं अकरा दुरुस्त्या केल्या होत्या. प्रत्येक दुरुस्तीपुढं बारीक अक्षरात 'मुद्रणदोष'. हे दोष त्यांनी पत्रानं अमेरिकेतल्या प्रकाशकालाही कळवले होते. 'आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत' असं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. ते आता फ्रेम करून फळ्याच्या वर टांगलेलं होतं.

मानसिंगनं ते अकरा प्रश्न वहीत उतरवून घेतले आणि एका रविवारी ताडून पाहिले. अकरांपैकी नऊ एकाच जातीचे निघाले. उदाहरणार्थ, जॉन विचारतो, "यू हॅवन्ट पोस्टेड द लेटर, हॅव यू?" तू पत्र टाकलं नाहीस ना? मेरी म्हणते, "नो." प्रश्न असा, की पत्र कुठं आहे? छापील उत्तर, घरी. विष्णुपंतांचं उत्तर, टपालपेटीत.

"साधा तर्क आहे," विष्णुपंतांनी फळ्यावर रेघ ओढली. "जॉनचं विधान काय? पत्र टाकलं नाही. त्यावर मेरी म्हणते 'नो'. म्हणजे तुझं विधान खोटं. नकाराचा नकार म्हणजे होकार. पत्र पेटीत पडलं. तिनं टाकलं नसतं तर ती 'येस' म्हणाली असती. येस, टाकलं नाही."

सातही माना हलल्या. मानसिंगचीही हलली, कारण त्याच्या कानालाही ते बरोबर वाटत होतं. हीच गोष्ट त्याला खटकली. कानाला बरोबर वाटतं म्हणजे नक्की कुणाच्या कानाला?

त्या शनिवारी तो गावाकडं गेला आणि जेवणवेळेच्या आधी वही घेऊन फिरला. ज्यानं अजून भाकरी खाल्लेली नाही असा माणूस गाठायचा आणि विचारायचं, "आवं, तुमी अजून जेवला न्हाई न्हवं?" पहिला शब्द काय येतो तेवढा टिपायचा.

आईला, रंगूबाईला, त्यानं सगळ्यांच्या आधी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुझं हुईस्तवर कशी जेवू? आन् ल्हितोस काय त्यात?"

"तू जेवली न्हाईस ते."

"ते कागदावर आनून काय हुनार हाय? ये बस, वाढते."

चोवीस माणसं झाली. 'व्हय' म्हणणारी एकोणीस, 'न्हाई' म्हणणारी तीन, आणि 'का, वाढतोस व्हय?' असं उलट विचारणारी दोन. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की मानसिंग अमेरिकेला जायच्या आधी गावजेवण घालणार हाय आणि त्याची यादी चाललीया.

सोमवारी त्यानं आकडे विष्णुपंतांपुढं ठेवले. "सर, चोवीसातल्या एकोणीसांचा तर्क तुमच्यासारखाच आहे. पण ही मराठीची रीत असेल. इंग्रजीची वेगळी असेल. यादी छापताना चुकली नसेल, आपणच मराठीत ऐकत असू."

"मराठी माणूस तर्कशुद्ध बोलतो, हे तू सिद्ध केलंस," विष्णुपंत समाधानानं म्हणाले. "अमेरिकन माणूसही बोलतच असणार. छापखान्यातला खिळे जुळवणारा बोलत नसेल. तुला शंका असेल तर प्रत्यक्ष अमेरिकन माणसाला विचार. मिरजेत रूथबाई आहेत."

रूथबाई नर्सिंगच्या मुलींना शिकवायला मिरजेत आल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर तिथंच राहिल्या होत्या. मानसिंग गेला तेव्हा त्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यानं वाटेत घोकलेलं वाक्य म्हटलं, "गुड मॉर्निंग, मॅडम. आय हॅव कम टू लिसन."

"ऐकायला? काय झालंय कानाला?" रूथबाई म्हणाल्या. "आदी बस तर. कवापासनं दुखतोय?"

कान दुखत नाही, तुमचं इंग्रजी ऐकायला आलोय, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. तेही मराठीतच.

"माझं इंग्रजी?" त्यांनी शेंग फोडली. "आरं, ते आता माझं मलाच ऐकू येत न्हाई. बरं, विचार."

मानसिंगनं पाहिलं होतं की सकाळचा चहा अजून व्हायचाय, चूल थंड आहे. तो म्हणाला, "मॅडम, यू हॅव नॉट टेकन टी?"

"येस, येस," रूथबाई म्हणाल्या. "नॉट टेकन. तुझ्यासंगं घीन म्हटलं."

मानसिंगनं वहीत 'येस' लिहिलं आणि तो हिरमुसला. प्रत्यक्ष अमेरिकन तोंडातून विष्णुपंत बोलले होते. चहा होईपर्यंत त्यानं केवळ शिष्टाचार म्हणून विचारलं, "बाई, तुम्ही अमेरिकेला तुमच्या गावी कधी गेला होता?"

"येकदाच. बासष्ट साली, भनीकडं. लय हाल झालं बघ." त्या हसू लागल्या. "भन विचारायची, तुला आनखी नको न्हवं? मी म्हनायची, येस. की हिनं ताटात आनखी वाढलंच. पानी नको न्हवं? येस. की आनलंच पानी. पंदरा दिवस मी दुप्पट जेवले. शेवटी ती म्हनाली, मिरजेत तुला उपाशी ठेवत्यात काय?"

मानसिंगनं कप खाली ठेवला. हाती आलेलं निरीक्षण एक नव्हतं, दोन होती, आणि ती एकमेकांविरुद्ध होती. रूथबाई हे मापयंत्र तीस वर्षं मिरजेत राहून मिरजेचं झालं होतं. बिघाड न झालेलं यंत्र म्हणजे त्यांची बहीण, आणि बहिणीच्या हिशेबानं 'येस' म्हणजे हवं, 'नो' म्हणजे नको, म्हणजे मेरीचं पत्र घरीच होतं.

वर्गात त्यानं हे सगळं सांगितलं. विष्णुपंतांनी त्यातला पहिला भाग ऐकला, फळ्याकडं वळले आणि लिहिलं : 'मुद्रणदोषांस मिरजेहून दुजोरा.'

"पण सर, त्यांची बहीण..."

"बहीण अल्पशिक्षित असेल," विष्णुपंत म्हणाले.

जिन्यावर शरयूनं त्याला गाठलं. "कशाला वाद घालता? वर्गात सरांचं लिहायचं, परीक्षेत बहिणीचं."

"कानाला लागलेली सवय परीक्षेत सुटायची कशी?"

"मग सोडवा की. सहा आठवडे आहेत."

मानसिंगनं ती कामगिरी मन लावून केली. नकारार्थी प्रश्न कुणीही विचारला की 'हो' जिभेवर येऊ द्यायचा नाही. खानावळवाल्या दादासोंनी विचारलं, "आमटी नको न्हवं?" तो ठाम म्हणाला, "नको." कंडक्टरनं विचारलं, "तिकीट काढलं न्हाई न्हवं?" तो म्हणाला, "न्हाई." कंडक्टर 'बरं' म्हणून पुढं गेला आणि मानसिंगला तिकीट काढायला त्याच्यामागं धावावं लागलं. आईनं तर 'जेवला न्हाईस न्हवं?' याला 'न्हाई' ऐकून दोनदा त्याला उपाशी झोपवलं. पण पुस्तकातले पन्नास प्रश्न रोज सोडवताना होणाऱ्या चुका अकरावरून चारावर आल्या, चारावरून दोनावर. शेवटच्या आठवड्यात मनात भाषांतर न करता मेरीचं पत्र आपोआप घरी राहू लागलं.

पुण्याच्या परीक्षेच्या खोलीत चाळीस जण होते. पेन, वही, पिशवी, सगळं बाहेर ठेवायला लावलं होतं. उत्तरांचे गोल भरायला खास मऊ शिशाची पेन्सिल तिथंच मिळणार होती. पर्यवेक्षक म्हणजे सदाशिव पेठी धोतरातले एक वयस्क प्राध्यापक. आज त्यांनी इंग्रजीतच बोलायचं ठरवलेलं दिसत होतं. पेन्सिली वाटत ते मानसिंगच्या रांगेशी आले, तेवढ्यात त्यांना कुणी हाक मारली. परत आले तेव्हा कुठवर वाटून झालं ते ते विसरले होते.

त्यांनी मानसिंगला विचारलं, "यू हॅव नॉट गॉट पेन्सिल?"

नऊ आठवड्यांचं सगळं शिक्षण मानसिंगच्या जिभेवर तयार होतं. "नो, सर," तो स्पष्ट म्हणाला.

"गुड," प्राध्यापक म्हणाले आणि पुढच्या बाकाकडं गेले.

पेन्सिल आणायला गेले असतील म्हणून मानसिंग थांबला. टेप सुरू झाली. टेपवर खरोखरच शब्द खाणारी माणसं होती, पण मानसिंगला ती समजत होती. फक्त लिहायला काही नव्हतं. पहिलं उत्तर ब, दुसरं ड, तिसरं अ. तो पाढ्यासारखं मनात म्हणू लागला, ब ड अ, अ क ब, आणि म्हणता म्हणता पुढचा संवाद ऐकू लागला. नवव्या प्रश्नापर्यंत पाढा टिकला. मग तो उभाच राहिला.

प्राध्यापक चपळाईनं आले आणि कुजबुजले, मराठीतच. "काय चाललंय? बसा खाली."

"सर, पेन्सिल नाही."

"मघाशी विचारलं तेव्हा 'नो' म्हणालात."

"नो म्हणजे नाही, सर. पेन्सिल नाही."

"अहो, पेन्सिल नव्हती तर सरळ 'येस' म्हणायचं," प्राध्यापक वैतागून म्हणाले आणि खिशातली पेन्सिल त्याच्या हातात कोंबली.

एवढ्यात दहावा आणि अकरावा प्रश्न निघून गेला होता. मानसिंगनं पाढ्यातली नऊ उत्तरं भरली, त्यांतल्या सातांची त्याला खात्री होती. दहा आणि अकरासाठी त्यानं अंदाजानं क चा गोल भरला. बाराव्यापासून पन्नासाव्यापर्यंत तो नीट ऐकत राहिला. त्यात नकारार्थी प्रश्न चार आले. चारही त्यानं बहिणीच्या पद्धतीनं सोडवले.

सात आठवड्यांनी तासगावच्या पोस्टातून पाकीट आलं. आत एकच कागद होता. ऐकणे, ४४. रचना, ५१. वाचन आणि शब्दसंग्रह, ५६. एकूण, ५०३.