आबांच्या हातची धार

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये एकही सुरी धड कापत नव्हती, आणि त्याला कारण घरची सूनच होती. दर दोन-तीन दिवसांनी वैजयंती स्वयंपाकघराचं दार लोटून घेई आणि ओट्याच्या कडेवर पाती घासघासून त्यांची धार मोडून टाकी. टोमॅटो पिचे, कांदा घसरे, नवरा चिडे. चिडू दे बापडा.

खरं कारण तिने नवऱ्याला, अभिमन्यूला, सांगितलंच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तिचे सासरे, रामहरी आबा, भरदुपारी सुरी धरून तिच्यासमोर उभे राहिले होते. "कोन हायस तू? माज्या घरात कशी शिरलीस?" पाच मिनिटांनी तेच आबा चहा मागत होते. अभिमन्यूला कळतं तर त्या रागीट माणसाने त्यांना वृद्धाश्रमात नेऊन टाकलं असतं. आणि ज्या सासऱ्याने साऱ्या भावकीशी भांडून सुनेला लग्नानंतर शिकू दिलं, त्याला ती घराबाहेर कशी काढू देणार? म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं.

पण अभिमन्यूने सुऱ्यांचं मनावर घेतलं. आठवडाभर तो मोबाइलवर धार लावायची साधनंच बघत होता. "हे खाचेतून सुरी ओढायचं, हे पाण्यात भिजवायचे दगड. आणि हे बघ, पातं चिमट्यात पकडायचं, दगड दांडीवर सरकतो. धारेचा कोन चुकतच नाही!"

"ते खाचेचंच घ्या," वैजयंती म्हणाली. त्या खाचेने पात्याची धार लवकर जाते, हे तिने गुपचूप वाचून ठेवलं होतं.

"बोथट सुरीच जास्त घात करते, वैजू," असं ज्ञान पाजळून तो सात रस्ता चौकातल्या दुकानातून चिमटेवालं घेऊन आला.

आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, चिमटा बाजूला टाकला आणि नुसता दगड पुढ्यात घेतला. "ह्येला चिमटा कशाला रं? हाताला कळतंय की." माणसांची नावं विसरणारा म्हातारा कोन मात्र विसरला नव्हता. तासाभरात पाचही सुऱ्या अशा झाल्या की अभिमन्यूने कागद हवेत धरून चिरून दाखवला. वैजयंतीने पाचही सुऱ्या उचलल्या. त्या दिवसापासून सुऱ्या कपाटात कुलपाआड गेल्या.

खंडेनवमीला त्या बाहेर काढाव्याच लागल्या. अभिमन्यूने पाचही पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं आणि तो अक्कलकोट रोडला, कारखान्यातल्या मागांच्या पूजेला गेला. वैजयंती निर्धास्त होती. तिच्या माहेरी पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी कोणी बोटही लावत नसे. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवत. इथेच ती चुकली. आबांच्या गावी पूजा झाली की घरचा कर्ता हत्यार उचलून कुंकू लावलेला बोकड कापायचा. ती चाल तिच्या लग्नाआधीच बंद पडली होती, त्यामुळे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ती कणीक मळत असताना बाहेरून आबांचा आवाज आला. "बोकड कुटं बांदलंय?"

ती धावली. सगळ्यांत मोठी सुरी आबांच्या हातात होती. समोर तिची सहा वर्षांची लेक संस्कृती, खेळता खेळता कपाळभर कुंकू फासून घेतलेली, आजोबांकडे बघून हसत होती.

"कुकू लावलंया. म्हंजे ह्येच की," आबा म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताने पोरीची वेणी धरली.

वैजयंतीला ओरडायचीही भीती वाटली. तिने पुढे होऊन कणकेच्या हातानेच लेकीच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. "आबा, ही संस्कृती. तुमची नात."

मूठ सुटली. तिने पोरीला पाठीशी ओढलं. आबांनी हातातल्या सुरीकडे पाहिलं.

"वैजू, मी काय करत व्हतो?"

तीन महिने ती अशा वेळी 'काही नाही, आबा' म्हणत आली होती. आज तिला ते म्हणवेना. "तुम्ही हिला कापायला निघाला होता."

आबांनी सुरी पाटावर ठेवली. "अभिला समदं सांग. पर आदी पोरीला घेऊन भाईर हो, आन् भाईरनं कडी घाल. मला परत कवा भूल पडंल, माजं मलाच ठावं न्हाय. जा की!"

रडत रडत तिने बाहेरून कडी घातली आणि अभिमन्यूला फोन लावला. रिंग वाजत असतानाच आतून दारावर थापा पडू लागल्या.

"कोन हाय तितं? कुनी कोंडलंय मला?"