पायाशी एक, डोक्यावर एक

देव सगळ्यांचं ऐकतो म्हणतात. सभागृहात मात्र ज्याच्या माइकची पट्टी वर, त्याचंच ऐकू येतं. गावाबाहेरच्या जुन्या धान्यकोठारात थाटलेल्या त्या सभागृहात यंत्रावरची ही पट्टी वर-खाली करणारा माणूस एकच होता. दिवे तोच लावायचा, पडदा तोच ओढायचा, खुर्च्यांचे निखळलेले पाय तोच ठोकायचा, आणि कार्यक्रमाआधी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून "हॅलो, हॅलो" म्हणायचा. म्हणून गावाने त्याचं नावच हॅलोमास्तर ठेवलं होतं.

सभागृहाचा चिटणीस त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. घरात मेहुणा, कामावर साहेब. असा माणूस गोड बोलायला लागला की ओळखावं, काहीतरी गळ्यात पडणार.

"भावोजी," चिटणीस म्हणाला, "शनिवारी शहरातून पाहुणे येतायत. सभागृह चालू ठेवायचं की पुन्हा कोठार करायचं, ते ठरवणारे. आणि नेमका तुमच्या बाबांनी गायचा हट्ट धरलाय."

"हट्ट कसला? तूच बोलावलंस त्यांना. भर चौकात."

"अहो, तोंडदेखलं बोललो! आपण म्हणतो ना, या एकदा जेवायला. कुणी ताट घेऊन दारात उभं राहतं का?"

बाबांची सारी हयात देवाच्या गोष्टी गाऊन सांगण्यात गेली होती. गोष्ट अशी सांगत की हसता हसता बाया डोळे पुसत, आणि गाण्याची ओळ आली की अख्खं कोठार मागून म्हणे. ओळ झेलायला पाठीशी हॅलोमास्तरची आई उभी असायची. बाबांचा श्वास संपायला आणि तिचा स्वर लागायला एकच गाठ. ती गेली. मग बाबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आता आवाज असा, की त्यापेक्षा दाराची गंजकी बिजागरी बरी. तरी ते रोज सकाळी परसात बसून गायचे.

"आवाज सुटतोय हळूहळू," म्हणायचे. "देवाने नेलेलं देव परत देतो. फक्त मागायला लाजू नये."

"तुमच्याकडे त्यांचं जुनं रेकॉर्डिंग आहे ना?" चिटणीस म्हणाला. "गाण्याला ते लावा. ते आपले ओठ हलवतील."

"बाबा ओठ हलवणाऱ्यांतले नाहीत."

"मग त्यांना सांगायचं कशाला?"

"ही फसवणूक आहे."

"फसवणूक कसली? आवाज त्यांचाच, तोंड त्यांचंच. मधे थोडी वर्षं गेलीत, एवढंच."

हॅलोमास्तर नाही म्हणू शकला असता. पण मागच्या रांगांचं गाव त्याला चांगलं ठाऊक होतं. आधी "आवाज! आवाज!" म्हणून ओरडायचं आणि मग हसायचं. बाबांचं हसं झालेलं त्याला बघवलं नसतं. मायेच्या पोटी माणूस काय काय करून बसतो, ते देवालाच माहीत.

गाणाऱ्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, मॉनिटर. त्यातून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. लोकांसाठीचे मोठे स्पीकर वेगळे. रंगमंचाच्या पुढे, वर टांगलेले. दोन्हींत एकच आवाज सोडावा असा काही नियम नाही. त्याने ठरवलं, पायाशी बाबांचा आत्ताचा आवाज सोडायचा, थोडा गोड करून. लोकांच्या डोक्यावर रेकॉर्डिंग. मॉनिटरचा आवाज एवढा मोठा ठेवायचा की बाबांना पुढच्या स्पीकरांचं काही कळू नये. तसाही त्यांचा एक कान मंदच होता. ठेका धरणाऱ्याला चिटणीसाने आधीच पढवून ठेवलं.

एकच अडचण होती. शेवटच्या ओळीला रंगमंच सोडून लोकांत उतरायचं, ही बाबांची जुनी रीत. म्हणून त्याने बिनतारी माइक दिलाच नाही. वायरचा दिला आणि वायर मुद्दाम आखूड ठेवली. दावं जेवढं, चरणं तेवढंच.

शनिवारी सकाळी बाबा माइकसमोर उभे राहिले. एक ओळ म्हटली. पायाशी ती गुळगुळीत होऊन वाजली.

"अरे," बाबा थबकले. "सुटला की रे!"

"हो बाबा."

"तुझ्या यंत्राची करामत नव्हे ना?"

"छे. यंत्र काय, जे येतं तेच देतं."

बाबांनी वर बघून हात जोडले. हॅलोमास्तर खाली बघून वायर सरळ करत राहिला.

दुपारी कोठार भरलं. पाहुणे पहिल्या रांगेत. बाबांनी देवाच्या घरी निघालेल्या एका लंगड्याची गोष्ट सांगितली, तीही खरखरीत आवाजात. पण गोष्ट चालून गेली, लोक हसलेही. मग गाणं सुरू झालं.

"दार उघडे ठेव देवा, येतो मी मागून,
पाय माझे दमले थोडे, चालतो थांबून."

वरून भरदार, तरणा आवाज कोसळला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. बाबांच्या पाठीशी कुणीच उभं नव्हतं, तरी ओळ झेलली जात होती: "चालतो थांबून". पाहुण्यांच्या ते ध्यानात आलं नाही. गावाच्या आलं. मागच्या रांगेतली एक म्हातारी पदराआड गेली. गाव चिडीचूप बसलं.

शेवटची ओळ आली. बाबांनी माइक हातात घेतला, दोन पावलं टाकली, वायर ताणली गेली. त्यांनी पोराकडे बघितलं, हसले, आणि माइक परत दांडीला लावून टाकला. कशाला हवा? आवाज तर सुटला होता. खुद्द पोरानेच तशी ग्वाही दिली होती. ते पायऱ्या उतरून, गात गात, मोकळ्या हातांनी लोकांत आले.

वरचा आवाज चालूच राहिला.

खुर्च्यांच्या मधल्या वाटेत बाबा थांबले. आधी तोंड उघडंच होतं. मग मिटलं. मान हळूहळू वर गेली. त्यांनी स्वतःला ऐकलं. मग मागून ओळ झेलणाऱ्या तिला ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं. हॅलोमास्तरच्या हाताने कामाची सवय पाळली. गडबड दिसली की हात आधी पट्टी खाली ओढतो, डोकं नंतर पोचतं. त्याने पट्टी खाली ओढली.

बाबा हात उंचावून काहीतरी म्हणत होते. चार रांगांपलीकडे त्यातलं अक्षरही पोचेना. मागून नेहमीची आरोळी आली, "आवाज! ओ हॅलोमास्तर, आवाज!"

बाबा वळले आणि मधल्या वाटेने दाराबाहेर निघून गेले.

पाहुण्यांनी समजून घेतलं. यंत्र म्हटलं की बिघडायचंच, म्हणाले. पण या वयात काय गळा! सभागृह चालू राहणार होतं. चिटणीस टाळ्या देत फिरत होता. "भावोजी, तरून गेलो! शेवटी जरा माशी शिंकली, पण तरलो."

वायर गुंडाळून खांद्यावर टाकत हॅलोमास्तर बाहेर आला. बाबा पायरीवर बसले होते. ऊन अजून होतं.

"बाबा, लोक हसतील म्हणून केलं."

"हसले असते." बाबांचा घसा खरवडल्यासारखा वाजला. "लोकांना हसवतच पोट भरलं मी. माझ्यावर हसले असते, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"चुकलं माझं."

"सकाळी विचारलं होतं तुला. तोंडावर विचारलं होतं."

त्याने खांद्यावरची वायर उतरवून पायरीवर ठेवली.

"ते जाऊ दे. ते माझं आणि देवाचं आम्ही बघू. पण बंद का केलंस?"

"काय?"

"हात करून सांगत होतो, राहू दे, राहू दे. ती गात होती रे. अख्खं गाव ऐकत होतं. तिच्या ओळीच्या मधोमध तोडलंस."

आई गेल्यापासून बाबांनी ते रेकॉर्डिंग घरात कधी लावू दिलं नव्हतं. "घरी लावतो," हॅलोमास्तर घाईने म्हणाला. "आज लावतो, पूर्ण."

"घरात ऐकून काय करू? घरात ती कधी गायली? ती लोकांत गायची. आधी सांगितलं असतंस, तर मी गायलोच नसतो. पुढे बसून ऐकलं असतं."

ते उठले. वायरच्या वेटोळ्याकडे बघून म्हणाले, "मला बांधायला एवढीशीच पुरली तुला," आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या सकाळी परसातून आवाज आला नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. बायकोने विचारलं, "बाबा आजारी आहेत का?"

आठवड्याने चिटणीस आनंदाची बातमी घेऊन आला. पाहुण्यांना पुन्हा ऐकायचं होतं, या वेळी शहरात.

"बाबा गात नाहीत आता," हॅलोमास्तर म्हणाला.

"मग काय झालं? रेकॉर्डिंग आहे ना?"