शून्याची चिठ्ठी

दवाखान्यात येणारे लोक तिला बाटलीताई म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकून चमकायचा, आणि मग खिडकीआड बसून बोटभर काचेच्या बाटल्यांत साखरेच्या पांढऱ्या गोळ्या भरणारी बाई दिसली की मनातल्या मनात कान पकडायचा. एकोणीस वर्षं ती त्या खिडकीत बसत होती. होमिओपॅथीचे डॉक्टर आत एकेका रोग्याशी अर्धा अर्धा तास बोलत. झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, गोड आवडतं की खारट, सगळं विचारून झालं की एक चिठ्ठी बाहेर येई. ते अक्षर तिला सोडून कुणालाच लागत नसे, डॉक्टरांच्या बायकोलाही नाही. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

चिठ्ठीवर औषधाचं नाव असलं की त्या औषधाचे चार थेंब गोळ्यांवर टाकून बाटली हलवायची. शून्य काढलेलं असलं की काहीच टाकायचं नाही. नुसत्या साध्या गोळ्या.

"खरं औषध एकदा पोटात गेलं की त्याला काम करू द्यायचं, मध्ये लुडबुड करायची नाही," डॉक्टरांनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "पण रोग्याला धीर धरवत नाही. त्याला रोज जिभेवर ठेवायला काहीतरी लागतं, म्हणून हे शून्य. ही गोष्ट या खिडकीबाहेर जायला नको."

गेली नाही. आई-वडील पाठोपाठ गेले, पदरात शाळेत जाणारी धाकटी बहीण, अशा वेळी याच डॉक्टरांनी तिला कामावर घेतलं होतं. त्या एका नोकरीवर धाकटीचं शिक्षण झालं, लग्न झालं. त्यामुळे डॉक्टरांचा शब्द ती खाली पडू देत नसे. माणूस उपकाराखाली दबला की त्याला बुद्धीही जपून वापरायची सवय लागते.

मग त्या वर्षी स्वाइन फ्लू आला. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले, कुणी शिंकलं की बाकडं रिकामं व्हायला लागलं. डॉक्टरांनी शाळेच्या पटांगणात प्रतिबंधाच्या गोळ्या फुकट वाटल्या. तेवढ्यात त्यांना तासाभरासाठी कुठल्याशा बैठकीला जावं लागलं, तर रांग बाटलीताईने एकटीने निभावली. पोरांच्या जिभेवर चार चार गोळ्या ठेवताना आया विचारत, "एवढ्याने भागेल ना हो?" ती सांगे, "डॉक्टरांच्या घरचेही हेच घेतात." तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण दुसरं काय घेत असतील, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

धाकटीचा या गोळ्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. "तुझ्या गोळ्या मुंग्यांना घाल, त्यांना तरी गोड लागतील," म्हणायची. तिला सातवा महिना चालू होता, आणि नवरा लांब पल्ल्याचा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर होता. सोमवारी तिला ताप भरला. घसा धरला, अंग ठणकायला लागलं.

"ताई, इस्पितळात जाऊ या का? बाहेर फलक लावलाय ना त्यांनी, गरोदर बायांनी पहिल्याच दिवशी यावं म्हणून."

"आधी डॉक्टरांना विचारते," बाटलीताई म्हणाली.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. धाकटीला तहान लागते का, खिडकी उघडी हवी वाटते का, एकटं राहायची भीती वाटते का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "रोगाला नाव देऊन काय साधतं? स्वाइन फ्लू म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. मी रोगाला औषध देत नाही, माणसाला देतो. तुम्हाला इस्पितळात जायचं तर जा, माझी ना नाही. पण तिकडच्या गोळ्या पोटात गेल्या की माझं औषध मेलं. दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही, ताई."

ती पहिल्याच दगडावर उभी राहिली. चिठ्ठीवर औषधाचं नाव होतं, तिने चार थेंब टाकले. धाकटीने नाक मुरडलं, पण जीभ बाहेर काढली. लहानपणापासून ताईने पुढे केलेलं सगळं तिने अशीच कुरकुर करत गिळलं होतं.

मंगळवारी ताप आणखी चढला, खोकला सुरू झाला. दुसरी कुणी बाई असती तर ताप वाढला म्हणून घाबरली असती. हिला ताप वाढला म्हणून बरं वाटलं. आधी वाढतं, मग उतरतं. वाढलं म्हणजे औषध लागू पडलं, हे ती एकोणीस वर्षं खिडकीतून लोकांना सांगत आली होती. डॉक्टरही तेच म्हणाले, आणि चिठ्ठीवर शून्य काढलं. सख्ख्या बहिणीसाठी तिने बाटलीत साध्या गोळ्या भरल्या आणि बूच लावलं. बुधवारी पुन्हा शून्य. त्या दिवशी धाकटी पाठ टेकवू शकत नव्हती, बसूनच होती. एक वाक्य बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागत होता. बाटलीताईने तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "आता उतरेल बघ."

गुरुवारी सकाळी मेहुणा परतला. दारातूनच त्याने बायकोचे निळे पडलेले ओठ पाहिले. चपला न काढता आत आला, तिला उचललं आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं. बाटलीताई मागून धावत चढली.

इस्पितळात धाकटीला लगेच प्राणवायू लावला आणि आतल्या खोलीत नेलं. तापाच्या कक्षातली परिचारिका मध्यमवयीन, थकलेली बाई होती.

"ताप कधीपासून?"

"सोमवारपासून."

"आणि आज आणता? स्वाइन फ्लूच्या औषधाचा खरा उपयोग पहिल्या दोन दिवसांत होतो हो. पोटुश्या बाईच्या फुप्फुसांना आधीच जागा कमी, तिला तर तपासणीचा निकाल येईपर्यंतही थांबवत नाही आम्ही. आजवर काय दिलंत?"

"गोळ्या," बाटलीताई म्हणाली.

"कसल्या?"

परिचारिकेने कुलपातून कॅप्सूल काढल्या. साठा कमी म्हणून प्रत्येक पाकीट सही घेऊनच दिलं जात होतं. तिने वही पुढे सरकवली. बाटलीताईने सहीची जागा शोधायला पानावरून बोट फिरवलं आणि ते चार ओळी वर अडकलं. तिथे ते अक्षर होतं. दुसऱ्या कुणाला गिचमीड वाटली असती, तिने मात्र सरळ वाचलं: स्वतः, पत्नी, मुलगा, सून. चार पाकिटं. खाली डॉक्टरांची सही, आणि तारीख शाळेत गोळ्या वाटल्या त्या दिवसाची.

ती पटांगणात उभी राहून डॉक्टरांच्या घरचेही हेच घेतात म्हणून सांगत होती, तेव्हा डॉक्टर इथे याच टेबलापुढे उभे होते.

"बाई, सही करा ना," परिचारिका म्हणाली. तिने केली.

संध्याकाळी धाकटीला वेळेआधी कळा लागल्या. बाळ जगलं नाही. धाकटी जगेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाटलीताई दवाखान्यात गेली. बाकडी भरलेली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती दार न वाजवता आत शिरली.

"तुम्ही घरच्यांसाठी कॅप्सूल आणल्यात," ती म्हणाली. "चौघांसाठी. मी वाचलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुलाला ताप आला होता. सुनेला दिवस आहेत. अशा वेळी धोका कोण पत्करणार?"

"माझ्या बहिणीलाही दिवस होते."

"मी अडवलं होतं का तुम्हाला? जायचं तर जा, असंच म्हणालो होतो. आठवा."

तिला आठवलं. खरंच म्हणाले होते. स्वतःसाठी पळवाट ठेवून मग शून्य काढलं होतं या माणसाने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि त्या पाषाणाला ती इतकी वर्षं हात जोडत आली होती.

"केसाने गळा कापलात डॉक्टर," ती म्हणाली.

"हळू बोला. बाहेर लोक बसलेत. त्यांचा विश्वास आहे."

ती बाहेर आली आणि खिडकीपुढच्या लोकांना म्हणाली, "ज्यांना ताप आहे त्यांनी इस्पितळात जावं. आत्ता जा." दोघी-तिघी उठल्या. बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. एक म्हातारा समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही दमलाय. मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात ना, आधी वाढतं, मग उतरतं?" आणि तो बाकड्यावर आणखी सरसावून बसला. ती तिथून निघाली ती पुन्हा त्या खिडकीत बसली नाही.

बाराव्या दिवशी धाकटीचा प्राणवायू काढला. तोवर बाटलीताई बाहेरच्या व्हरांड्यातच राहत होती म्हणा ना. आत गेली तेव्हा धाकटी उशाला टेकून बसली होती, मनगटं काड्यांसारखी झालेली.

"कॅप्सूल डॉक्टरांच्या घरीही गेल्या होत्या म्हणे," धाकटी म्हणाली. आवाज घोगरा होता. "ह्यांनी सांगितलं."

"हो. फसवलं त्यांनी आपल्याला."

"मंगळवारच्या नि बुधवारच्या गोळ्यांत काय होतं गं, ताई? सोमवारच्या बाटलीसारखा औषधाचा वासच नव्हता."

खोटं बोलणं फार सोपं होतं. ती गोष्ट खिडकीबाहेर कधी गेलीच नव्हती.

"काही नव्हतं," बाटलीताई म्हणाली. "साध्या होत्या."

"डॉक्टरांनी तुला नंतर सांगितलं?"

"नाही. मीच भरल्या. मला माहीत होतं."

धाकटीने चादर पोटापर्यंत ओढून घेतली आणि सपाट झालेल्या पोटावर हात ठेवला.

"मी त्यांच्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "मी तुझ्या हातच्या घेतल्या होत्या."

बाटलीताईने तिचा हात धरायला हात पुढे केला. धाकटीने आपला हात चादरीखाली घेतला.

"ह्यांना आत पाठव."

"मी बसते ना तुझ्याजवळ."

"नको. ह्यांना पाठव. आणि आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे असते, ती त्यांच्याकडे दे."

बाटलीताईने पिशवीत हात घालून किल्ली शोधली. मेहुणा दारातच उभा होता. त्याने हात पुढे केला.