ढगात गोठलेलं इंजिन

लोंढ्याच्या पुढं घाटावरच्या ढगांत सुबराव उंच चढला आणि त्याच्या विमानाचं इंजिन खोकायला लागलं. समोरची काच पांढुरकी झाली. थ्रॉटल कितीही पुढं लोटला तरी जोर येईना. विमान जड होऊन खाली बसत चाललं. त्या घाबरलेल्या डोक्यात एकच नाव आलं, बाळगोंडा.

टिळकवाडीतल्या वकिलाचा मुलगा सुबराव १९४४ साली इंग्रजांच्या सांबऱ्याच्या हवाई तळावर लढाऊ विमान उडवायचा. बाळगोंडा त्याच्या विमानाचं इंजिन सांभाळणारा फिटर, निपाणीकडचा. त्याचा थोरला भाऊ रायगोंडा बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झालेला. तळावर हे फक्त सुबरावला ठाऊक होतं. बाळगोंडानंच विश्वासानं सांगितलेलं. म्हणूनच ढगांत वाटलं, इंग्रजांचं विमान पाडायला यानंच इंजिनात काही केलं.

ढगांखालच्या उबदार हवेत येताच इंजिन आपसूक सुरळीत झालं. उतरल्यावर सगळं उघडून पाहिलं. पेट्रोल स्वच्छ, कुठंच बिघाड नाही. त्यामुळं तर संशय आणखीच बळावला. ज्याला खूण पुसता येते, तो आतलाच माणूस!

त्यानं बाळगोंडाला गाठलं. "सकाळी इंजिनला कुणी हात लावला होता?"

"मीच की सायेब. दुसरं कोन लावनार?"

इतक्या शांतपणे तो बोलला की सुबरावला तेच खुपलं. संध्याकाळी त्यानं कमांडरला सगळं सांगून टाकलं, रायगोंडाच्या नावासकट.

बाळगोंडाला कोंडून ठेवलं. पोलीस त्याच्या घरी गेले. आजारी आईला, चंपाबाईला, बघायला रायगोंडा नेमका आलेला. तो सापडला.

थोड्या दिवसांनी सुबराव पुन्हा त्याच ढगांत शिरला. फिटर नवा होता, तरी इंजिन तसंच खोकलं. या वेळी त्यानं धीर करून बाहेर पाहिलं. पंखाच्या कडेवर बर्फाचा जाड थर चढला होता. ढगातलं पाणी पंखावर गोठत होतं, काचेवर गोठत होतं. मग इंजिनात हवा जाते त्या नळीत का गोठणार नाही? खाली येईपर्यंत बर्फ वितळून गेला. खूण उरली नाही.

त्यानं लगेच कमांडरला गाठलं. बाळगोंडा सुटला. रायगोंडाला मात्र कुणी सोडलं नाही.

"माझी चूक झाली, बाळगोंडा."

"माजं ऱ्हाऊ द्या सायेब. थोरल्या अण्णाचं नाव मीच सांगितलं व्हतं तुमास्नी. त्ये काय इसरत न्हाय."

कमांडरनं त्याला पुन्हा सुबरावच्याच विमानावर नेमलं. दुसऱ्या दिवशी विमानात चढताना सुबरावचा पाय अडखळला. आता या माणसाकडं इंजिनात काही करायला खरंच कारण होतं. बाळगोंडानं त्याचे पट्टे आवळले. चेहऱ्यावर काहीच दिसेना.

"वर ढग लई हाईत. खालनंच जावा."

ही काळजी होती की आणखी काही, ते विचारायची सुबरावला हिंमत झाली नाही. तो उडाला. इंजिन त्या दिवशी चोख चाललं, आणि लढाई संपेपर्यंत चोखच चालत राहिलं. पण प्रत्येक वेळी चाकं जमिनीला टेकेपर्यंत त्याचे कान इंजिनालाच लागलेले असायचे.