टॅन्सलेसाहेबांची राहिलेली रेघ

"म्युरिअलबाई, पेन्सिल काढून ठेवा. इंजिन काय तुमच्यासाठी थांबायचं नाही!" डेरेक हॉबडे म्हणाला.

इंग्लंडातल्या क्रू स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला, थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन, तीसेक म्हातारे जमले होते. टॅन्सलेसाहेबांना जाऊन वर्ष झालं होतं. साहेब रेल्वे इंजिनांच्या नंबरांची खिशात मावणारी पुस्तिका छापत, आणि तिच्यापायी ही मंडळी लहानपणीच बिघडली होती. नियम एकच, पहिल्या पानावर छापलेला: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या इंजिनाच्याच नंबराखाली रेघ मारायची. खोटी रेघ मारणाऱ्याला या फलाटावर तोंड दाखवायला जागा उरत नसे.

साहेबांची स्वतःची पुस्तिका म्युरिअलच्या हातात होती. एक सोडून सगळ्या नंबरांखाली रेघा होत्या. तो एक होता ७३१६.

तो राहिला तिच्यामुळे. बाविसाव्या वर्षी, साहेबांकडे नोकरीला असताना, तिने पुस्तिकेची प्रुफं तपासली आणि नेमका हाच नंबर सुटला. साहेब चकार शब्द बोलले नाहीत. प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवत तीन दिवस तिच्या शेजारी बसले. त्याच तीन दिवसांत ७३१६ची शेवटची फेरी झाली आणि ते भंगारात गेलं. बासष्ट वर्षं हे तिच्या मनाला खात होतं.

"माझ्यामुळे हुकलं रे त्यांचं," ती आज पहिल्यांदाच बोलली.

"अहो, ती चूक कळवणारं बारा वर्षांचं कार्टं म्हणजे मीच की!" डेरेक म्हणाला. "साहेबांचं उत्तर आलं, 'शाबास. ते भंगारात गेलंय म्हणे. कुठे, ते आता तूच शोध.' शोधलं! त्यातच त्रेचाळीस वर्षं गेली. मग एकोणीस वर्षं आम्ही सगळे त्याला ठोकूनठाकून उभं करत बसलो. तुमची नजर चुकली नसती, तर हे धूड आज कशाला आलं असतं इथे?"

तेवढ्यात शिट्टी झाली. फलाट थरथरला, वाफेने चष्मे धुरकटले आणि म्हाताऱ्यांनी टोप्या उतरवल्या. ७३१६ धडधडत निघून गेलं. तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

"मारा आता रेघ," मागून कोणीतरी म्हणालं. "साहेबांच्या वतीने चालतंय."

"कोण म्हणतं चालतंय?" म्युरिअल कडाडली. "त्यांनी नाही पाहिलं म्हणजे नाही पाहिलं. त्यांच्या पुस्तकात मी खोटं करायची नाही."

तिने ती पुस्तिका मिटून पर्समध्ये ठेवली आणि दुसरी काढली. ती तिची स्वतःची होती, एकही रेघ न मारलेली. आयुष्यभर तिने नंबर तपासले होते, पण इंजिन बघायला ती कधी फलाटावर आली नव्हती.

"डेरेक, पट्टी दे."

७३१६खाली रेघ जराशी वाकडीच आली.

"पुढचं इंजिन किती वाजता?" तिने विचारलं.

डेरेकने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.