तीन नंबरच्या फाटकाचा आकडा

फिनबार लूबीला माणसं ओळखता येतात, असं त्याचं स्वतःचं मत होतं. चाळीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला ते यायलाच हवं. कोणाच्या घरी कोर्टाचं पाकीट येतं, कोणाच्या पोरीला बॉस्टनहून पत्रं येतात आणि कोणाची एकाएकी बंद होतात, सगळं त्याच्या पिशवीतून गेलेलं. त्यामुळे ग्रॉन्या हेफरनन ही बाई कॅरिगलॉन टाउन फुटबॉल क्लबची सेक्रेटरी म्हणून कचेरीत आली, त्याच दिवशी त्याने मॉसी स्पिलेनला सांगून टाकलं, "ही बया आपलं मैदान विकणार. लिहून ठेव."

"अरे, तिने अजून अंगातला कोटसुद्धा काढला नाहीये," मॉसी म्हणाला.

"तेच तर! बसायला आलीच नाहीये ती."

मॉसी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर मेंढ्या पाळल्या, आता गुडघे गेले म्हणून कळप पुतण्याला देऊन मोकळा झालेला. तो कुणावर संशय घेत नसे. मेंढ्यांनी ती सवयच लावली नव्हती.

फिनबारचा संशय मात्र हवेतला नव्हता. बाई डब्लिनची. नवरा जमिनींचे व्यवहार करून देणाऱ्या दलालाकडे कामाला. आणि मैदान कुठे? कालव्याला लागून, गावाच्या ऐन मध्यावर, जिथे घरं बांधली तर पाया भरायच्या आत विकली जातील. आता हातच्या काकणाला आरसा कशाला?

त्यात कौन्सिलने अट घातलेली. मैदान कौन्सिलचं, क्लबचा भाडेपट्टा यंदा संपत होता. अठरा घरच्या सामन्यांना सरासरी पाचशे माणूस आलं तर पट्टा पुढे चालू. नाही आलं तर क्लबने बाडबिस्तरा उचलावा आणि तीस मैलांवर जिल्ह्याच्या गावी, परक्या मैदानात जाऊन खेळावं. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी कोण जाणार होतं? मॉसीसारखे गुडघे घेऊन? क्लब दोन वर्षांत मेला असता. एकशे सहा वर्षांचा क्लब.

"पाचशे म्हणजे काय फार आहेत?" फिनबार प्यायला बसला की टेबलावर बोट आपटून म्हणायचा. "डब्लिनात म्हणे आता सामन्यांची तिकिटं मिळत नाहीत, पोरं रांगा लावतायत. आणि आमची ही कार्टी बघा!" ही कार्टी म्हणजे पबमध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूल क्लबचे लाल शर्ट घालून टीव्हीपुढे बसलेली. "दोन गल्ल्या सोडून फुटबॉल चाललाय, तो बघायला यांना वेळ नाही. समुद्र ओलांडून विमानाने जातील!"

"तुमच्या टीमने चेंडू जमिनीवर ठेवला तर येऊ की!" एखादा लाल शर्ट ओरडायचा, आणि पब हसायचा. फिनबार हसत नसे.

फिनबार तीन नंबरच्या फाटकावर होता, कालव्याकडच्या. एकतीस वर्षं. लोखंडी दांड्यांची फिरकी, त्याच्या पायाखाली खटका. खटका दाबला की माणूस दांडा ढकलत आत येतो, फिरकी फिरते, आणि आतल्या पेटीतला आकडा एकाने पुढे सरकतो. शेजारी एक लहान लाकडी दार, बाबागाड्यांसाठी आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी. हंगामाचा पास असलेली मंडळीही त्याच दाराने जात. बहुतेक सगळी म्हातारी. कोणाचं कंबरेचं हाड बदललेलं, कोणाच्या हातात काठी. पैसे आधीच भरलेल्या माणसाला लोखंडात चेंगरून आत ढकलायचं म्हणजे काय माणुसकी झाली? फिनबार कडी काढी, टोपीला हात लावी आणि म्हणे, "या फादर. या मिसेस कॅडोगन, आज वारा आहे, मफलर घट्ट करा." मिसेस कॅडोगन त्याला थर्मासातला चहा देई. कालव्याकडच्या लोकांना म्हणूनच ते फाटक आवडे.

आणि दर सामन्याला उत्तरार्धात भोंग्यावरून आकडा सांगितला जाई. चारशे एक्क्याण्णव. चारशे सत्तर. पाचशे चार. चारशे बासष्ट.

"बासष्ट?" फिनबार त्या दिवशी ताडकन उठलाच. "अरे, माझ्याच फाटकातून दोनशे माणूस गेलं! कुठेतरी पाणी मुरतंय, मॉसी. आकडे ती बाई एकटी घेते. सामना सुरू झाला की एकटी पेट्या उघडते, एकटी बेरीज करते. आकडा पाडायचा, सरासरी पाडायची, मैदान मोकळं!"

सामना संपायला वीस मिनिटं होती. मॉसी उठून बाहेर पडायच्या वाटेपाशी जाऊन उभा राहिला आणि लोक निघाले तसे त्याने मोजले, मेंढरं मोजतात तसे, दोन-दोनच्या जोडीने, ओठ हलवत, वीस झाले की एक खडा या खिशातून त्या खिशात. सगळे गेल्यावर त्याने खडे काढून मोजले.

"सहाशे अठरा," तो म्हणाला.

"बघ!" फिनबार ओरडला. "दीडशे माणूस खाल्लं हिने! एका संध्याकाळी!"

मॉसी खड्यांकडे बघत राहिला. त्याला काहीतरी खटकत होतं, पण काय ते त्याला सांगता येईना.

त्याच सुमाराला फिनबारला क्लबकडून पाकिटं येऊ लागली होती. एकूण तीन आली, पाठीमागे तिच्या अक्षरात तिचं नाव. फिनबारने तिन्ही न उघडता स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे सारली. आत काय असणार ते त्याला पुरतं ठाऊक होतं. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार, आता घरी बसा, फाटकावर यंत्र बसवतो आहोत. बायको ब्रीडा म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटलीस, स्वतःचं एक उघडवत नाही?"

"मी वास घेऊन सांगतो पत्रात काय आहे ते," फिनबार म्हणाला. "तू बटाटे बघ."

शेवटच्या सामन्याआधीच्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये सभासदांची सभा भरली. ग्रॉन्याने उभं राहून सांगितलं की सतरा सामन्यांची बेरीज आठ हजार तीनशे तेरा झाली आहे. सरासरी पाचशे व्हायला शेवटच्या शुक्रवारी सहाशे सत्त्याऐंशी माणूस हवं. हॉलमध्ये कुणी शिट्टी वाजवली.

फिनबार उठला. टोपी हातात घेतली होती, पण आवाज टोपी घातलेल्या माणसाचा होता.

"बाईंना एकच विचारायचंय. त्या चारशे बासष्टच्या दिवशी कुठल्या फाटकाचे किती?"

तिने वही उघडली. "एक नंबर, एकशे एकाहत्तर. दोन नंबर, दोनशे चार." ती क्षणभर थांबली. "तीन नंबर, सत्त्याऐंशी."

"सत्त्याऐंशी!" फिनबार हॉलकडे वळला. "ऐकलंत? तुम्ही कालव्याकडचे हात वर करा बरं! हे इथेच सत्तर बसलेत! मॉसी स्पिलेनने बाहेर पडणारं माणूस मोजलंय, सहाशे अठरा. मॉसीचं मोजणं कधी चुकलंय? मग बाकीचे दीडशे गेले कुठे? कोणाच्या नवऱ्याच्या घशात?"

टाळ्या पडल्या. कोणीतरी "लाज वाटू द्या!" असं ओरडलं. ग्रॉन्याचा चेहरा मानेपासून लाल झाला.

"पेटीने जे दाखवलं ते मी लिहिलं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मिस्टर लूबी, आपण दोघं जरा बाजूला बोलूया का?"

"जे काय असेल ते इथे बोला. चारचौघांत."

तिने फिनबारकडे पाहिलं. मग त्याच्याभोवती मान डोलावणाऱ्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"इथे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली आणि वही मिटून खाली बसली.

फिनबार जिंकला होता. घरी जाताना छाती पुढे काढून चालत होता. मॉसी मागे, गुडघ्यांच्या चालीने.

"बोलती बंद! पाहिलंस ना? चोराच्या मनात चांदणं!"

"फिनबार," मॉसी म्हणाला, "मी आत येतो तेव्हा ती फिरकी फिरते का रे?"

"तुझ्यासाठी कशाला फिरेल? तुझ्याकडे पास आहे. तू दाराने येतोस."

"हं." मॉसी थांबला. "मग माझा आकडा कुठे पडतो?"

"कचेरीत. पासांची यादी असणार ना त्यांच्याकडे. ती मिळवतात बेरजेत."

"तुला कोणी सांगितलं?"

एकतीस वर्षांत फिनबारला हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने कोणाला विचारलंही नव्हतं.

"कारण बघ," मॉसी हळूच म्हणाला, "फाटकातून गेलेली मेंढी मोजली जाते. कुंपणातल्या फटीतून गेलेली कळपात असते, पण मोजणीत नसते. तुझ्या दाराने किती जण जातात रे?"

फिनबार घरी आला तो तडक घड्याळापाशी गेला. पहिलं पाकीट मार्चमधलं. "प्रिय मिस्टर लूबी, तुमच्या फाटकाचा आकडा फार कमी पडतो आहे. पासधारकांनीही फिरकीतूनच जायला हवं, कारण कौन्सिल फक्त पेट्यांचे आकडे धरते. कृपया तेवढं पाहाल का? मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा." दुसरं मे महिन्यातलं. तिसरं ऑगस्टमधलं, अगदी छोटं. "मी कौन्सिलला सगळं समजावून सांगितलं, ते मागचे आकडे बदलायला तयार नाहीत. पण पुढचे सामने अजून हातात आहेत. तुमचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. गावाला तुमचं फार कौतुक आहे, ते तसंच राहू दे."

फिनबार खुर्चीत बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसाही त्याने भर सभेत ढोल वाजवत घातला होता. ब्रीडाने पत्रं वाचली, काही न बोलता त्याच्यापुढे चहा ठेवला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी लहान दाराला कुलूप होतं.

"हे काय खूळ?" फादर डनफी पोटावर हात ठेवून म्हणाले.

"फिरकीतून, फादर. सगळ्यांनी."

"लूबी, मी यात मावत नाही!"

"श्वास सोडा आणि तिरके व्हा."

मागे रांग खदखदत होती. "फादर, तेल लावू का?" काठ्या अडकत होत्या, पाय अडखळत होते, फिनबार एकेकाचं कोपर धरून आत घेत होता आणि प्रत्येक खटक्याला पेटीत कट् असा आवाज येत होता. मिसेस कॅडोगन दांड्याला धरून रडवेली झाली. "एकतीस वर्षांत तू मला असं वागवलं नाहीस, फिनबार."

"तीच चूक झाली, मिसेस कॅडोगन," तो म्हणाला. त्या दिवशी तिने त्याला चहा दिला नाही.

लाल शर्टवालेही दहाबारा आले, थट्टा करत. एकजण म्हणाला, "शेवटचं बघून घेऊ म्हटलं." फिनबारने त्यांनाही एकेक करून मोजून घेतलं.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा तो कचेरीत गेला. ग्रॉन्या तिन्ही पेट्यांचे आकडे मांडून बसली होती. त्याने टोपी काढली.

"पत्रं वाचली मी," तो म्हणाला. "रविवारी. सभेनंतर."

"कळलं मला. दाराला कुलूप पाहिलं."

"सभेत का नाही बोललीस? तोंडावर मारायचं होतंस माझ्या."

"मग आज फाटकावर कोण उभं राहिलं असतं?" ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. त्याने पहिल्यांदाच पाहिलं, तिने कोट काढून खुंटीला टांगला होता. खुंटीखालची भिंत कोटाच्या घासण्याने काळी पडली होती.

"किती झाले?"

तिने कागद फिरवला. सहाशे चौसष्ट.

अकरा वर्षांतली सगळ्यात मोठी गर्दी. तेवीस कमी.

बाहेर लोक आपल्या टीमच्या नावाने ओरडत होते. फिनबारने मागे वळून दार लावलं.

"बाई," तो कुजबुजला, "नव्वद लिही. सहाशे नव्वद. कोण बघतंय? हे खोटं नाहीच मुळी, मार्चपासूनची माणसं आहेत ती, खरीखुरी, हाडामांसाची! माझ्या हातून गेली आहेत. एवढं एकदा लिही. पाया पडतो तुझ्या."

ग्रॉन्याने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मिस्टर लूबी, मी हा आकडा वर्षभर खरा लिहिला. तुम्ही पाळत ठेवून होतात म्हणून नव्हे, पण होतात तर खरे." तिने पेन पुढे केलं. "मला नाही जमणार. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही लिहा. मी कोणाला सांगणार नाही."

ती खरंच कोणाला सांगणार नव्हती. हे आता त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेच त्याच्याने सोसवेना. एकतीस वर्षं कडी काढणाऱ्या हातात त्याने पेन घेतलं. त्याने सहा लिहिला. मग बराच वेळ काही लिहिलं नाही. मग दुसरा सहा लिहिला आणि चार लिहिला, आणि खाली सही केली.

बाहेर मॉसी काठीवर रेलून उभा होता.

"झालं का रे?" त्याने विचारलं. "किती भरली मेंढरं?"

"सहाशे चौसष्ट," फिनबार म्हणाला. "सगळी मोजून."